भिंत आधी फुटली, कारण मागून कळले

लोणावळ्याहून पुण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये तळेगाव, देहूरोड मागे पडले की थोड्या वेळाने पिंपरी येते. इथली जुनी माणसे 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' एवढे लांब नाव घेत बसत नाहीत. 'एचए कंपनी' म्हटले की भागते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

गंमत म्हणजे हे औषध जंतूला मारते कसे, याचा उलगडा तोवर झालेलाच नव्हता. पेनिसिलिन दिलेल्या जंतूंत एक अनोळखी द्रव्य साचते, हे पार्क यांनी १९४९ मध्ये नोंदवले होते. तो पेशीभित्तिकेसाठी आणलेला, पण न लागलेला माल आहे, हे १९५७ मध्ये पार्क आणि स्ट्रॉमिंजर यांनी ओळखले. लेडरबर्ग यांचा प्रयोग मला त्याहून देखणा वाटतो. साखरेच्या दाट द्रावणात पेनिसिलिन दिले तर जंतू मरत नाहीत, भिंत गमावून नुसते गोल होतात. तेच साध्या पाण्यात टाकले की आतल्या दाबाने फुटतात.

ही भिंत म्हणजे शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिनांच्या तुकड्यांनी एकमेकींना शिवलेल्या. जंतूला वाढायचे तर जुनी शिवण उसवून नवे टाके घालावे लागतात. टाके घालणाऱ्या विकराला पेनिसिलिन म्हणजे शिवायचेच टोक वाटते आणि ते त्यातच अडकून पडते, असे टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ मध्ये मांडले. उसवणे मात्र चालूच राहते. म्हणून मार बसतो तो वाढणाऱ्या जंतूला. स्वस्थ पडलेला बहुधा वाचतो. वाढ थोपवणारे दुसरे औषध जोडीला दिल्यास पेनिसिलिनचा जोर ओसरू शकतो. मेंदूज्वराच्या रुग्णांत हे १९५१ मध्येच दिसले होते, तेही जिवावर बेतून.

बुरशीची भिंत वेगळ्या द्रव्यांची, त्यामुळे पेनिसिलिन बनवणारी बुरशी स्वतः सुखरूप राहते. बुरशीच्या रोगांना अर्थातच वेगळे औषध लागते. तसे एक, हॅमायसिन, एचएमध्येच थिरुमलाचार यांच्या चमूने १९६१ च्या सुमारास शोधले. ते भिंतीच्या वाटेला जात नाही. बुरशीच्या पेशीपटलातले एर्गोस्टेरॉल धरून पटलच गळके करते.