थिबा राजवाड्याचं सागवान

रत्नागिरीच्या थिबा पॅलेसची गोष्ट मुंबईतल्या एका कंपनीपासून सुरू होते. १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशाच्या जंगलांतून सागवान काढायची. ओंडके कमी दाखवून महसूल बुडवल्याचा ठपका ठेवून ब्रह्मदेशाच्या राजधानीने, मंडालेच्या दरबाराने, १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. ब्रह्मदेशाची फ्रेंचांशी वाढलेली जवळीक इंग्रजांना खुपत होतीच, त्यात हे निमित्त सापडलं. नोव्हेंबरात फौजा इरावतीतून वर सरकल्या आणि पंधरवड्यात राज्य बुडालं. सत्तावीस वर्षांचा राजा थिबा, राणी सुपयालत आणि लहानग्या राजकन्यांना मद्रासमार्गे एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं गेलं.

जवळजवळ पंचवीस वर्षं हे कुटुंब सरकारी बंगल्यांत राहिलं. स्वतःचा वाडा तयार झाला तो १९१० मध्ये. आराखड्यात राजाने जातीने लक्ष घातलं होतं. जांभ्याच्या भिंती, उतरती छपरं, खिडक्यांच्या डोक्यावर अर्धवर्तुळाकार लाकडी नक्षी, वर संगमरवरी फरशीचा दरबार हॉल आणि मागच्या अंगाला बुद्धमूर्ती. लाकूडकामात ब्रह्मदेशी सागवान आहे. ज्या लाकडापायी राज्य गेलं, तेच लाकूड राजाच्या छपराखाली आलं. या वास्तूत मला सर्वांत बोलकं वाटतं ते हेच. राजाला तिथे जेमतेम सहा वर्षं मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो गेला. १९१९ मध्ये कुटुंब मायदेशी परतलं, राणी १९२५ मध्ये रंगूनला वारली. राजाची समाधी मात्र रत्नागिरीतच राहिली.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. थोरली राजकन्या फया जी हिला राजवाड्यातल्या नोकरीतले गोपाळ सावंत यांच्यापासून मुलगी झाली, टूटू. राजकन्या रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये तिथेच वारली. टूटू रत्नागिरीत मराठी बोलत वाढल्या, गरिबीत संसार केला आणि २००० साली गेल्या. मंडालेच्या राजाची नात कोकणी बाई होऊन जगली. संग्रहालयाने सांगावं असं याहून मोठं काय असेल?

राजवाड्यात पुढे शासकीय तंत्रनिकेतनाचे वर्ग भरत. आता राज्य पुरातत्त्व विभागाचं प्रादेशिक संग्रहालय आहे. राजाच्या वापरातल्या मोजक्या वस्तू आणि कोकणातली जुनी शिल्पं तिथे पाहायला मिळतात. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन समाधीला येऊन गेले. शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर याची कबर रंगूनला आणि थिबाची रत्नागिरीला, हा दोन देशांमधला अबोल व्यवहार शंभर वर्षांहून जुना आहे.

कांदिवली-बोरिवलीहून गणपतीला गावी जाणारा चाकरमानी पावसला जातो, गणपतीपुळ्याला जातो, मुलांना थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दाखवतो. राजवाड्यात मात्र सहसा शिरत नाही. आत त्याला शिल्पांबरोबर या वास्तूचीच सलग कहाणी मिळाली पाहिजे, तीही मुंबईपासून सुरू होणारी. पाट्या मराठीत हव्यात, तशाच बर्मी भाषेतही हव्यात.

वास्तूची निगा हा वेगळाच प्रश्न. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी पितो आणि मग सोडतो. वर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, भिंत आतून झिजते. दुरुस्ती चुन्यातच व्हायला हवी आणि ती जाणणारे गवंडी कमी होत चालले आहेत. सागवानाला वाळवी सहसा शिवत नाही, पण गळक्या छपराखाली सतत भिजत राहिलं तर तेही कुजतं.

त्याहून घाईचं काम दुसरंच आहे. टूटूंशी रोज बोललेली, त्यांच्या दारात बसलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात आणि दरबार हॉलमध्ये ऐकायला ठेवाव्यात. याला फारसा खर्च नाही आणि येत्या पावसाळ्याआधी सुरुवात करता येईल.