नागोठण्याची केबल आणि कलम दहा

अंबा नदीच्या खाडीकाठी वसलेल्या नागोठण्यास दळणवळणाचे नावीन्य नाही. चौलच्या काझी अलाउद्दिनाने इ. स. १५८० च्या सुमारास बांधविलेला पूल येथे आहे, आणि महाबळेश्वरास निघालेले गोरे साहेब एकोणिसाव्या शतकात मुंबईहून आगबोटीने येऊन याच बंदरात उतरत. तथापि १९९१ च्या आखाती युद्धानंतर गावोगाव छपरांवरून पसरलेली केबल ही या परंपरेतली एक चमत्कारिक वस्तू होती. कारण तिचा सारा व्यवहार बंद तारेच्या आत चालावा, अशी अपेक्षा असे.

वैमानिकांच्या संभाषणासाठी आकाशात ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवलेला असतो, आणि हौशी बिनतारीवाल्यांसाठी १४४ ते १४६ चा. केबलवाला मात्र तेच पट्टे तारेच्या आत बेलाशक वापरतो, आणि तारेभोवतीची धातूची जाळी शाबूत आहे तोवर त्यात गैर काहीच नाही. एस-३ या वाहिनीचे चित्र ११९.२५ वर, तर एस-६ चा ध्वनी १४५.७५ वर, म्हणजे थेट हौशींच्या पट्ट्यात. पण जोड द्यायचा म्हणजे तार सोलायची, मधले तांबे पिळायचे आणि वरून काळी टेप गुंडाळायची, एवढीच ज्याची कारागिरी, त्याच्या हातची जाळी कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात आणि खाडीच्या खाऱ्या हवेत किती टिकणार? पांढरी भुकटी होऊन ती झडते, आणि तारेतली मालिका बिनबोभाट आकाशात उतरते. वायूची गळती किती घातक, हे नागोठण्याने ५ नोव्हेंबर १९९० रोजी तेथील पेट्रोकेमिकल कारखान्यात पाहिले होते. या गळतीला मात्र ना वास, ना धूर.

अमेरिकेत १९७६ साली हॅरिसबर्गजवळ वैमानिकांच्या संभाषणात केबलचा असाच व्यत्यय आला, आणि पुढे तेथे गळतीची नियमित मोजणी सक्तीची झाली. आपल्याकडे १९९५ च्या केबल अधिनियमाने मुख्य टपाल कचेरीच्या पोस्टमास्तरांकडे नोंदणी ठेवली, नवव्या कलमात प्रमाणित सामग्री सांगितली, आणि अधिकृत दूरसंचार यंत्रणेस उपसर्ग पोहोचू न देण्याची जबाबदारी दहाव्या कलमाने केबलचालकावर टाकली. तरीही दिवाणखान्यांतून वाद माजला तो पाचव्या-सहाव्या कलमांचा, म्हणजे पडद्यावर काय दिसावे आणि काय दिसू नये याचा. तारेतून काय झिरपते हा प्रश्न, माझ्या मते, सभ्यतेच्या त्या गलबल्यात मागे पडला.

ग्रामीण भागास संख्यात्मक प्रक्षेपणासाठी ३१ मार्च २०१७ ही अखेरची मुदत मिळाली. त्यानंतरची गळती ओळखू येण्याजोगी राहिली नाही; पूर्वी निदान संवाद तरी कानी पडत, आता नुसती खरखर उरते. मुख्य तारेच्या जागी जेथे काचतंतू आला, तेथे तो बिनतारी लहरी सांडत नाही, म्हणून धोका उरला तो खांबापासून घरापर्यंतच्या धातूच्या तारेपुरता.