मतदार उदासीन होता, की त्याला विचारलंच नव्हतं?

युरोपीय एकीकरणावर वाचायला बसलात की एक वाक्य तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल: नागरिकांना यात रस नाही. पुरावा म्हणून युरोपीय संसदेच्या निवडणुका दाखवतात. १९७९ साली पहिली थेट निवडणूक झाली तेव्हा जवळपास ६२ टक्के मतदान झालं होतं. २०१४ मध्ये ते ४३ टक्क्यांच्याही खाली आलं. (पुढे थोडं सावरलं.) गंमत म्हणजे मधल्या काळात संसदेचे अधिकार वाढतच गेले होते.

आता फ्रान्सकडे बघा. जून २००४ च्या युरोपीय निवडणुकीत तिथे सुमारे ४३ टक्के मतदान झालं. एक वर्षही उलटलं नाही आणि २९ मे २००५ ला युरोपीय संविधानावर सार्वमत झालं, तेव्हा ६९ टक्के लोक बाहेर पडले. कराराचा सगळा मजकूर मतदारांना घरपोच पाठवला होता. लोकांनी तो चाळला, वाद घातले आणि जवळपास ५५ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं. तीनच दिवसांनी नेदरलँड्सनेही नकार दिला. मतदार तेच होते. बदलला होता तो प्रश्न: कोणाला निवडायचं नव्हे, तर युरोप कसा हवा.

ऑक्टोबर २००५ मध्ये युरोपीय आयोगाने ‘प्लॅन डी’ आणला. डी म्हणजे लोकशाही, संवाद, चर्चा. मार्गोट वॉलस्ट्रॉम या आयुक्तांकडे ते काम होतं. हेतूवर मी शंका घेत नाही. पण कागदपत्रं वाचताना तारखा शेजारी शेजारी मांडा. डिसेंबर २००७ मध्ये लिस्बन करारावर सह्या झाल्या, त्यात नाकारलेल्या संविधानातला बराच भाग परत आला होता. फ्रान्सने या वेळी सार्वमत घेतलंच नाही, संसदेतून मंजुरी उरकली. सार्वमत घेतलं एकट्या आयर्लंडने. जून २००८ मध्ये तिथे ‘नाही’ आलं, म्हणून ऑक्टोबर २००९ मध्ये पुन्हा विचारलं.

१९७० मध्येच लिंडबर्ग आणि शाइनगोल्ड यांनी लोकांच्या या मूक संमतीला नाव दिलं होतं, मराठीत म्हणायचं तर ‘मोकळीक देणारी सहमती’. तुमच्या प्रस्तावात ‘उदासीनता’ हा शब्द येणार असेल तर तो कोणाच्या दस्तऐवजातून उचललाय ते आधी तपासा. युरोबॅरोमीटरची सर्वेक्षणं जरूर वापरा, फक्त ती आयोगच करवून घेतो, तेव्हा आकड्याआधी प्रश्नावली वाचा.