महायुद्ध ऐकलंत, पण कूत?

डॅन कार्लिनच्या ‘ब्लूप्रिंट फॉर आर्मागेडन’बद्दल श्रोत्यांचे दोन गट आहेत. पहिलं महायुद्ध, ६ भाग, २० तासांहून जास्त ऐकणं! एक गट म्हणतो, खंदकातला चिखल आपल्याच अंगाला लागतो. दुसरा म्हणतो, सगळा भर पश्चिम आघाडीवरच. मला दोघांचंही पटतं. कार्लिन स्वतःला इतिहासकार म्हणवत नाही, पण गोष्ट भन्नाट सांगतो.

तरी युद्ध फक्त फ्रान्समध्ये नव्हतं. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ इराकमधल्या कूतला तुर्की फौजेचा वेढा होता. आत ब्रिटिशांसोबत मराठा पलटणीही होत्या. उपासमार, शरणागती, मग कैदेत कित्येकांचा मृत्यू. महाराष्ट्रातल्या काही गावांत किती जण या युद्धाला गेले, याची दगडी पाटी अजून आहे. सिरीज जरूर ऐका, आणि गावी गेलात की ती पाटीही शोधा.