रखवालदार आणि धनी

आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या कागदांत हल्ली एका निराळ्या कराराची भर पडली आहे. एखाद्या कारखान्याचे संचालक किंवा मोठ्या पेढीचे मालक स्वतःसाठी, पत्नीसाठी आणि शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी पगारी अंगरक्षक नेमतात, आणि ज्या संस्थेकडून हे अंगरक्षक घ्यावयाचे तिने पाठविलेला मसुदा आमच्यापुढे ठेवतात. मसुद्यात अंगरक्षकाचे वय असते, उंची असते. मोटारीत त्याने पुढे बसावे की मागे, हेही असते. त्या माणसाला पगार किती मिळतो आणि तो वेळेवर हातात पडतो की नाही, एवढेच नसते. आम्ही हा प्रश्न काढला की पक्षकार किंचित चकित होतात. "ते त्या संस्थेने पाहावे, वकीलसाहेब; आम्ही संस्थेचे बिल चुकते करतो," असे उत्तर मिळते. इतिहासाची थोडी गोडी असलेल्या माणसास हे उत्तर ऐकून बडोदे आठवते, आणि बडोद्याच्याही आधी पुण्याचा शनिवारवाडा.

शके 1695 च्या भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे 30 ऑगस्ट 1773 रोजी, नारायणराव पेशव्यांचा त्यांच्याच वाड्यात खून झाला. वय अवघे अठरा वर्षांचे, आणि दिवस गणेशोत्सवाचे. 'ध'चा 'मा' ही आख्यायिका प्रत्येक मराठी मुलास पाठ असते, म्हणून तिच्याकडे आम्ही वळत नाही. आमचे लक्ष वेधते ते मारेकऱ्यांच्या प्रवेशाकडे. सुमेरसिंग, महंमद इसफ आणि खरगसिंग यांच्या हाताखालचे गारदी वाड्यात शिरले ते थकलेला पगार मागण्याच्या निमित्ताने. शिपायांनी पगारासाठी धन्याच्या दारात गलका करावा, प्रसंगी धरणे धरावे, ही त्या काळात नित्याची गोष्ट होती. त्यामुळे तो गलका ऐकून कोणास वावगे वाटले नाही. थकबाकीची सवय झालेल्या घरात संकट कोणत्या आवाजात येते, हे ओळखण्याची शक्तीच राहत नाही. ज्यांना वाड्याच्या रक्षणासाठी ठेवले त्यांनीच वाड्यात कत्तल केली, आणि नारायणरावांच्या अंगावर स्वतःला झोकून देऊन प्राण दिला तो चाफाजी टिळेकर नावाच्या घरच्या सेवकाने.

येथे गारद्यांची बाजूही मांडली पाहिजे. वकिलाचा तो धर्मच आहे. गारदी हे कवायती पायदळ. त्यांचा धन्याशी संबंध वतनाचा नव्हता, गावकीचा नव्हता, कुलदैवताचाही नव्हता. तो केवळ वेतनाचा होता. वेतन थांबले की त्या संबंधात काही उरत नाही, आणि मग दुसरा कोणी वेतनाचे वचन देऊ लागला तर त्याचे ऐकण्यास अडचण ती कोणती? यात खुनाचे समर्थन नाही. पण जेथे केवळ पैशाने निष्ठा विकत घेतली जाते, तेथे पैसा थकविणे म्हणजे आपल्याच हातांनी करार फाडून टाकणे होय, इतके मात्र कोणत्याही न्यायाधीशास मान्य करावे लागेल.

पुण्याची गोष्ट एका दुपारची. बडोद्याची कित्येक वर्षांची, आणि म्हणून अधिक बोधक. गायकवाडांच्या सिबंदीत अरबांचा भरणा मोठा होता. हे शूर, काटक, बोलल्या शब्दास जागणारे लोक, अशी त्यांची ख्याती. त्यांचा पगार सामळ बेचर, मंगळ पारेख यांसारख्या सराफांमार्फत होई. म्हणजे रक्षण महाराजांचे आणि थैली सावकाराची. शिपायाची नजर थैलीकडे असते, हे सांगावयास नको.

यातूनच 'बहांदरी' नावाची एक विलक्षण चाल रूढ झाली. दरबाराने एखाद्या सावकारास कर्जफेडीचे वचन दिले, किंवा एखाद्या सरदारास 'तुमच्या जीवितास व मालमत्तेस धक्का लागणार नाही' असे आश्वासन दिले, तर तेवढ्यावर कोणी विश्वास ठेवीत नसे. अरब जमादार त्या वचनास जामीन राहिला, तरच ते वचन खरे. आजच्या करार कायद्याच्या 126 व्या कलमात हमीच्या कराराची जी व्याख्या आहे तिच्यात हा व्यवहार बसविता येईल. फरक इतकाच, की येथे ऋणको राजा आणि जामीन त्याचाच रखवालदार! राज्याच्या शब्दास पहारेकऱ्याच्या शब्दाचा आधार लागू लागला, तेव्हाच राज्य कोणाचे याचा निकाल झाला होता. जगातल्या कोणत्याही कायदेपंडिताने कल्पिली नसती अशी ही हमी बडोद्यात रोजच्या व्यवहाराची बाब होऊन बसली, आणि ती देणारे अरब आपला शब्द बहुधा पाळीतही असत. तेच तर दुखणे! शब्द न पाळणाऱ्या नोकरास हाकलून देता येते.

सप्टेंबर 1800 मध्ये गोविंदराव गायकवाड वारले. गादीवर आलेले आनंदराव मनाने दुर्बळ. त्यांचा सावत्र भाऊ कान्होजी याने सत्ता बळकाविली, ती अरबांच्या पाठबळावर. पुढे दिवाण रावजी आपाजी यांनी कान्होजीस दूर केले, तेही अरबांस वळवूनच. रखवालदार ज्याच्या बाजूस तो कारभारी, असा न्याय झाला. या अरबांपासून सुटण्यासाठी आणि घरच्या इतर शत्रूंसाठी रावजींनी 1802 मध्ये मुंबईच्या इंग्रजांचा हात धरला. मेजर वॉकर बडोद्यास रेसिडेंट म्हणून आला. सिबंदी कमी करण्याचे ठरताच अरबांनी खुद्द महाराजांस राजवाड्यात अडकवून ठेवले. अंगरक्षकाचा कारागृहरक्षक व्हावयास एक दिवसही लागला नाही. पहारा तोच, दार तेच, फक्त तोंड आतल्या बाजूस वळले. डिसेंबर 1802 मध्ये इंग्रज फौजेने शहरास वेढा दिला, तट फोडला, तेव्हा अरब वाटाघाटीस आले.

त्यांच्या अटी वाचून आमच्यासारख्यास कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. पहिली अट थकलेल्या पगाराची: तो पुरता मिळावा, मग आम्ही मुलूख सोडतो. दुसरी त्याहून मोलाची: आम्ही ज्यांस बहांदरी दिली त्यांचे काय? ती जबाबदारी कंपनीने उचलावी. पैसे कंपनीने व सराफांनी उसने दिले, परगण्यांचा वसूल त्यास तारण पडला, आणि अरबांच्या हमीच्या जागी कंपनीची हमी आली.

नवा रखवालदार मात्र जुन्याहून शहाणा निघाला. त्याने पगार थकू देण्याची सोयच ठेवली नाही. एप्रिल 1805 च्या तहाने तीन हजार पायदळाची तैनाती फौज ठरली आणि तिच्या खर्चासाठी 11,70,000 रुपये वार्षिक उत्पन्नाचा मुलूख कायमचा तोडून घेतला गेला. अरब दारात बसून पगार मागत. कंपनीने दारासकट जमीनच लिहून घेतली. वारशाने आलेल्या बहांदरीचा उपयोगही तिने असा केला, की पुढे दुसऱ्या सयाजीरावांस आपल्याच सावकारांशी व कारभाऱ्यांशी हिशेब करताना पावलोपावली रेसिडेंट आडवा येऊ लागला.

तरीही कंपनीच्या हमीची शक्ती कोठपर्यंत पोचते हे 1815 च्या आषाढात दिसून आले. गायकवाड आणि पेशवे यांच्यातील जुने हिशेब व अहमदाबादचा इजारा यांचा उलगडा करण्यासाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन हे बडोद्याचे मुत्सद्दी पुण्यास गेले होते. त्यांच्या सुरक्षिततेस इंग्रजांची हमी होती. बाजीराव पंढरपुरास निघाले तेव्हा शास्त्रीबोवाही बरोबर गेले. त्या रात्री प्रकृती ठीक नाही म्हणून ते देवळात जाण्यास तयार नव्हते. त्रिंबकजी डेंगळ्यांनी पुनःपुन्हा निरोप धाडून आग्रह केला. शेवटी थोडे निःशस्त्र लोक बरोबर घेऊन ते विठ्ठलदर्शनास गेले आणि परतताना वाटेत मारेकऱ्यांनी त्यांस मागून गाठून तोडले. त्या एका खुनाने त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यात गेले आणि पेशवाईच्या अखेरीचा आरंभ झाला, इतकी ती हमी भारी होती. पण वाळवंटाजवळच्या त्या अंधाऱ्या वाटेवर शास्त्रीबोवांच्या उजव्या हातास एकही तरवारबहाद्दर नव्हता. ज्या वाटेने वारकरी अनवाणी निर्धास्त चालतो त्या वाटेवर शस्त्र घेऊन काय जावयाचे, असेच त्यांस वाटले असेल. देवदर्शनास पहारेकरी घेऊन जाण्याचा संकोच आमच्या पक्षकारांतील वडील माणसांस आजही वाटतो, आणि तो आम्हांस समजतो.

आजचा अंगरक्षक गारदी नव्हे. 2005 च्या खासगी सुरक्षा संस्थांच्या कायद्याने संस्थेस परवाना लागतो, माणसाच्या चारित्र्याची पडताळणी आणि प्रशिक्षण लागते. त्याला पोलिसाचे अधिकार नाहीत. धन्यास वाचविण्यासाठी त्याने हात उगारला तर त्याचा आधार भारतीय न्याय संहितेच्या 35 व्या कलमातील आत्मसंरक्षणाचा हक्क, जो दुसऱ्याच्या देहाच्या रक्षणासही लागू पडतो आणि जो रस्त्याने जाणाऱ्या कोणासही तितकाच आहे. पण बिल संस्थेस आणि जीव पक्षकाराचा, ही मांडणी मात्र सामळ बेचरांच्या पेढीवरचीच राहिली आहे.

म्हणून अलीकडच्या एका मसुद्यात आम्ही एक कलम आमच्या हाताने घातले: दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत अंगरक्षकास मिळालेल्या वेतनाचा पुरावा संस्थेने पक्षकारास दाखवावा, न दाखविल्यास पक्षकाराने ते वेतन परस्पर देऊन बिलातून वळते करून घ्यावे. ते कलम गाळावे म्हणून संस्थेची दोन पत्रे आली. पक्षकारांच्या वृद्ध मातोश्रींनी दोन्ही पत्रे आमच्याकडून वाचून घेतली आणि विचारले, "मुलांना शाळेत नेणारा तो पोरगा आहे ना, त्याला मागच्या महिन्याचे पैसे मिळाले का?" पक्षकारांस उत्तर देता आले नाही. कलम मसुद्यात राहिले आहे.