इरावतीबाईंची पात्रता

आज समाजशास्त्रात पीएचडी करायची तर आधी नियमावली उघडावी लागते. एमएला ५५ टक्के किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के. राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत. मग नेट किंवा प्रवेश परीक्षा आणि मुलाखत. दौंड तालुक्यातल्या कासुर्डीसारख्या गावातून पुण्यात शिकायला येणाऱ्यांना आणखी एक धास्ती असते: आधीचा विषय वेगळा असेल तर चालेल का?

इरावती कर्वे यांनी विषय एकदा नाही, दोनदा बदलला. १९२६ साली त्या फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बीए झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळवून मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकल्या आणि १९२८ मध्ये चित्पावनांवर प्रबंध लिहून एमए झाल्या. नंतर मानववंशशास्त्रासाठी बर्लिन. सासरे धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलं होतं, पण सुनेच्या परदेशी जाण्याला त्यांचा विरोध होता. पती दिनकर पाठीशी उभे राहिले. जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन त्या निघाल्या.

तिथले मार्गदर्शक ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि त्यांची तर्कबुद्धी त्यामुळेच सरस, असं त्यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाचा या असमानतेशी संबंध आढळला नाही, आणि तसंच त्यांनी प्रबंधात लिहिलं. ज्यांच्या हाती पदवी होती, त्यांच्याच मताविरुद्ध!

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. मोजणं सुटलं नाही. महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापनांवरचं त्यांचं पुस्तक १९५१ साली आलं. सहलेखक होते गोखले संस्थेतले संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. दोन जातींच्या सरासरी उंचीत थोडा फरक दिसला, तर तो खरा की मोजकीच माणसं मोजल्यामुळे योगायोगाने आलेला? याचं उत्तर नुसत्या निरीक्षणातून मिळत नाही. त्याला संख्याशास्त्रच लागतं. याच दांडेकरांनी १९७१ मध्ये नीळकंठ रथ यांच्यासह देशातल्या गरिबीचा हिशोब मांडला.

म्हणून समाजशास्त्राला आलात आणि पुढे संख्याशास्त्राचा पेपर दिसला, तर मागे फिरू नका. टक्के लागतातच, ते मिळवा. अर्जात एक रकाना मात्र कधीच नसतो: मार्गदर्शकाचं म्हणणं आणि तुमचे आकडे जुळले नाहीत, तर प्रबंधात काय लिहाल?