गुंड्याभाऊ भेटले, पण सांगायचं कोणाला?

स्मरणिका समितीचा निरोप आला, ‘काका, इतिहासावर काहीतरी लिहा.’ सोसायटीची नोंदणी, बोअरवेल, पाण्याची टाकी, आतला रस्ता हा इतिहास आजी-माजी पदाधिकारी लिहितीलच. म्हणून मी आपल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये असलेल्या एका वस्तूचा इतिहास लिहायचं ठरवलं. ती वस्तू म्हणजे टीव्ही. आज ती भिंतीवर कॅलेंडरसारखी टांगलेली असते. पण ती बुलढाण्यात पोचायला किती वर्षं लागली आणि त्या वर्षांत आपल्याकडच्या माणसांचं काय राहून गेलं, हे नव्या पिढीला माहीत असावं असं वाटतं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुणेकरांनाही ते दिसू लागलं. आपल्याकडे मात्र रेडिओच. बुधवारी रात्री सिलोनवर बिनाका गीतमाला, एरवी नागपूर आकाशवाणी आणि विविधभारती. आवाज ओळखीचे, चेहरे ठाऊक नाहीत. नट बघायचा तर टॉकीजमध्ये, नाहीतर एखादी नाटक कंपनी आली तर.

मी खामगावला बी.कॉम. केलं आणि १९७७ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो. पहिलीच नेमणूक मुंबई. राजूर घाट उतरून एसटीने मलकापूर, तिथून रात्रीची गाडी. गिरगावातल्या एका चाळीत नात्यातल्या मावशींकडे राहायची सोय झाली. चाळीच्या मजल्यावर टीव्ही एकाच घरी. लाकडी पेटी, तिला सरकती दारं, आणि कार्यक्रम संपला की वरून भरतकाम केलेला रुमाल. संध्याकाळी त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत.

तिथे मला ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ भेटले. चिं. वि. जोशींच्या विनोदी कथांवरची ही मालिका सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर लागे. भिडस्त, घाबरट चिमणराव झाले होते दिलीप प्रभावळकर आणि त्यांचे धिप्पाड, दंडुकेवाले मावसभाऊ गुंड्याभाऊ झाले होते बाळ कर्वे. कृष्णधवल चित्र, साधे कपडे, घरातलेच प्रसंग. सिनेमातला हिरो आपल्यापासून फार लांबचा असतो. हे दोघे मात्र आपल्याच पंगतीला बसलेले वाटत. आमच्या चाळीत तर कोणी आवाज चढवून बोललं की त्याला ‘गुंड्याभाऊ’च म्हणायला लागले होते.

पुढे एका रविवारी दादरच्या शिवाजी मंदिराच्या आवारात बँकेतल्या मित्राने माझा दंड धरला आणि हळूच दाखवलं, ‘ते बघ, गुंड्याभाऊ!’ प्रयोग सुटल्यावरची गर्दी होती. मी पंचविशीतला, अंगात धीटपणा नव्हताच, तरी पुढे झालो आणि नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले. मी काहीच विचारलं नाही. सही मागायला वही नव्हती, खिशातल्या लोकलच्या पासवर सही मागायची लाज वाटली. सगळी भेट मिनिटभराची. लक्षात राहिलं ते एवढंच, की हातात दंडुका नव्हता आणि गर्दीत ते चारचौघांसारखेच दिसत होते. बाळ कर्वे मुंबई महानगरपालिकेत नोकरी करून नाटक करतात, हे मित्राने परतताना सांगितलं. नोकरी सांभाळून इतकं करता येतं, याचा मला त्या वयात फार आधार वाटला.

दिवाळीला घरी आलो तो ही बातमी घेऊनच. गल्लीत सगळ्यांना सांगितलं, ‘मी गुंड्याभाऊंना भेटलो!’ मित्रांनी विचारलं, ‘कोण गुंड्याभाऊ?’ त्यांनी टीव्हीच पाहिला नव्हता, तर मालिका कुठली? चंद्रावर जाऊन आलेल्या माणसासारखी माझी गत झाली. एकटे माझे वडील मात्र सरसावून बसले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादांनी वाचनालयातून आणून चिं. विं.ची पुस्तकं कितीदा तरी वाचली होती. त्यांचा गुंड्याभाऊ माझ्या गुंड्याभाऊपेक्षा जुना. त्यांनी वकिलासारखी उलटतपासणी घेतली. उंची किती, आवाज कसा, मिशा आहेत काय, दंडुका कोणत्या हातात धरतो. मी सांगत गेलो आणि ते मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, ‘एकदा पाहाले पाहिजे बुवा.’

पण बघणार कसे? १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आलं, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह गेला आणि १९८४ साली देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं धडाक्याने उभी राहिली. त्या लाटेत आपल्या भागातही चित्र दिसू लागलं. तोवर माझी बदली विदर्भात झाली होती. आम्ही कर्ज काढून टीव्ही घेतला, गच्चीवर उंच पाइपावर अँटेना चढवला. त्यावर कावळा बसला की खाली चित्र पोहायला लागे, मग एकाने वर जाऊन अँटेना फिरवायचा आणि खालच्याने ‘आलं, आलं, गेलं!’ ओरडायचं.

गंमत अशी, की या छोट्या केंद्रांवर उपग्रहावरून मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम येई. म्हणजे आपल्याकडे टीव्ही आला तो हिंदी बोलत. ७ जुलै १९८४ला ‘हमलोग’ सुरू झाली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन थेट आपल्याशी बोलायचे. दादामुनी वाढले खांडव्याला आणि तेव्हाचा खांडवा जिल्हा म्हणजे आपल्या उत्तरेचा शेजारी, म्हणून आमच्याकडे त्यांचं कौतुक जास्तच. देशभरातून त्यांना लाखो पत्रं गेली, असं पुढे वाचलं. पण आमच्या घरी दादा पाटी संपेपर्यंत बघायचे आणि मला विचारायचे, ‘तुहा गुंड्याभाऊ येते काय रे यात?’ मी म्हणायचो, ‘ते मुंबईचं आहे दादा, येईल कधीतरी.’ १९८६ साली दादा गेले. त्यांना गुंड्याभाऊ दिसला नाही.

पुढचं सगळ्यांना आठवतंच. २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’, मग ‘महाभारत’. रविवारी सकाळी रस्ते ओस, टीव्हीला हार आणि उदबत्ती, वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी. अरुण गोविल दिसले की लोक हात जोडत, आणि श्रीकृष्ण झालेले नितीश भारद्वाज मराठी आहेत याचा आपल्याला केवढा अभिमान! मग केबल आली, मराठी वाहिन्या आल्या.

आपली सोसायटी उभी राहत होती त्याच सुमारास, २००१ मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली. एके काळचे चिमणराव, दिलीप प्रभावळकर, आता घरातले आबा झाले होते. जुन्या सभासदांना आठवत असेल, टिपरेंच्या वेळेला सभा ठेवली की कोरम होत नसे. दुसऱ्या दिवशी जिन्यात सगळ्यांचा विषय एकच. आता घरात चार माणसं, चार मोबाइल आणि चार वेगळ्या मालिका. मी तक्रार करत नाही, मीही नातवाकडून यूट्यूब शिकलोच. पण आवडता नट भेटल्याचा आनंद पुरा व्हायला तो नट ओळखणारं दुसरं माणूस लागतं. ते मला १९७८च्या दिवाळीत कळलं.

त्या काळी टेप महाग, त्यामुळे जुना कार्यक्रम पुसून तीच टेप परत वापरत. दूरदर्शनचं सुरुवातीचं बरंच काम असंच गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे वयाच्या ९५व्या वर्षी गेले. बातमी वाचून मी कपाटातलं दादांचं ‘चिमणरावाचं चऱ्हाट’ काढलं आणि नातीला वाचून दाखवलं. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘आबा, गुंड्याभाऊ दिसतो कसा?’ मी सांगितलं, उंची, आवाज, मिशा, दंडुका, सगळं.

सभासदांना एक विनंती. आपल्यातल्या साठीपुढच्यांनी आपला पहिला टीव्ही, पहिली मालिका, प्रत्यक्ष पाहिलेला नट यावर दोन-दोन पानं लिहून समितीकडे द्यावी. टेपा पुसल्या गेल्या, निदान कागद तरी राहील.